घाटावर जगलेलं बंदर

पनवेलला समुद्र नाही. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी शहराला वळसा घालते, काळुंद्रे तिला येऊन मिळते, आणि तिथून पुढे पाणी खारट आणि गढूळ होत बेलापूरच्या बाजूला ठाण्याच्या खाडीत शिरतं. हायवेच्या पुलावरून जाणाऱ्याला ओहोटीच्या वेळी तिथे चिखल आणि तिवरं दिसतात, बाकी काही नाही. पण आगगाडी येईपर्यंत मुंबईहून पुण्याला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण याच पाण्यावरून येऊन पनवेलला उतरत असे. त्यात गव्हर्नर होते, बिशप होते, पलटणी होत्या, टपालाच्या थैल्या होत्या. पुण्याहून खाली येणारा माल इथेच बैलाच्या पाठीवरून होडीत जात असे.

कोकण किनाऱ्यावर पनवेलपेक्षा नावाजलेली बंदरं होती. कुंडलिकेच्या मुखावरचं चौल-रेवदंडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात दगडी तटात बांधून घेतलं. सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट ईस्ट इंडिया कंपनीने १७५५-५६मध्ये ताब्यात घेतलं आणि तिथल्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. त्यांच्यापुढे पनवेल म्हणजे खाडीच्या टोकाचा साधा धक्का. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या दृष्टीने पनवेलचं मोल जास्त होतं. त्याचं कारण पाण्यात नव्हतं, डोंगरात होतं. पनवेल बोरघाटाच्या पायथ्याच्या वाटेवर आहे. इथून चौक, खालापूर, खोपोली, मग घाट चढून खंडाळा आणि पुढे पुणे, अशी साधारण ७० मैलांची वाट होती.

दुसरं कारण पावसाचं. जून ते नारळी पौर्णिमा कोकणातली उघड्या समुद्रावरची जा-ये बंद पडते. बाणकोटला किंवा रेवदंड्याला जायचं तर उघडा समुद्र ओलांडावा लागे. मुंबई ते पनवेल ही वाट मात्र सगळी बंदराच्या आतून आणि खाडीतून जाते. बिशप हेबर १८२५ साली पुण्याला गेले ते ऐन पावसाळ्यात, पनवेलमार्गेच. मुंबईच्या साहेबांचा पुण्याचा हंगामही नेमका पावसाळ्यातच असे. १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला बंगला घेतला तो याच सवयीपायी. म्हणजे इतर बंदरं मिटून बसलेली असत तेव्हा पनवेलच्या धक्क्यावर गर्दी असे.

या वाटेचा मालक मात्र भरती-ओहोटी. मुंबईच्या आसपास अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला त्याच्या निम्म्यानेही नाही. खाडीचं टोक उथळ असल्यामुळे भरलेला पडाव धक्क्याला लावायचा तर भरतीच्या पाठीवर बसूनच यावं लागे. वेळ चुकली की पुढची भरती येईपर्यंत चिखलात रुतून राहायचं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे होड्या सुटण्याचं वेळापत्रक घड्याळाला बांधलेलं नसून तिथीला बांधलेलं होतं. गलबतवाल्या कोळ्याला ते तोंडपाठ असे, साहेबाला ते कधी पटलं नाही.

*

पनवेलच्या धक्क्याचा पहिला मोठा लष्करी उपयोग झाला तो फसलेल्या मोहिमेसाठी. राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८मध्ये पनवेलला उतरली. फौज होती चार हजारांच्या आतबाहेर. तिच्या तोफा आणि सामान ओढायला बैल मात्र १९,००० होते, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. एका माणसामागे जवळपास पाच बैल. रस्ता नसलेल्या घाटात हे लटांबर रोज किती सरकणार? जानेवारी १७७९मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना कोंडलं आणि तह करायला लावला. दोन वर्षांनी जनरल गॉडार्ड पुन्हा बोरघाटापर्यंत आला आणि एप्रिल १७८१मध्ये मार खात खात त्याच पनवेलला परतला.

दोन्ही वेळा पाण्याने साथ दिली होती, घाटाने दिली नव्हती. हा धडा आर्थर वेलस्ली बरोबर शिकला. १८०३मध्ये बाजीरावाला पुण्यात परत बसवताना आणि पुढे शिंदे-भोसल्यांशी लढताना त्याच्या फौजेची रसद मुंबईहून पनवेलला आणि तिथून वर जात होती. १८०४मध्ये त्याने बोरघाटातली वाट तोफा जातील इतकी नीट करून घेतली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याच्या चरित्रात पनवेलचा धक्का एखाद्या ओळीपुरता येतो, पण दख्खनची ती मोहीम या धक्क्यावरून जाणाऱ्या धान्यावर आणि दारूगोळ्यावर उभी होती.

तरीही घाट गाडीचा झाला नव्हता. त्यानंतरही पंचवीसेक वर्षं माणसं पालखीत किंवा तट्टावर, माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. कुणा साहेबाला पुण्यात बग्गी हवी असली तर ती खाली सोडवून, बांबूला टांगून, हमालांच्या खांद्यावरून वर चढवत. १० नोव्हेंबर १८३० रोजी माल्कम यांनी बोरघाटातला चाकांचा रस्ता खुला केला आणि पनवेलचं नशीब एका झटक्यात बदललं. एक बैल पाठीवर नेतो त्याच्या कितीतरी पट ओझं एक बैलगाडी नेते. देशावरचा कापूस, गूळ, तूप, धान्य खाली येऊ लागलं. मीठ, नारळ, सुके मासे, विलायती कापड आणि लोखंड वर जाऊ लागलं. पेठ वाढली, वखारी आल्या. १८४९मध्ये इथल्या बेने इस्रायली ज्यूंनी बेथ एल हे आपलं प्रार्थनामंदिर बांधलं. कोकणात यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. १८५२मध्ये पनवेलला नगरपालिका झाली. राज्यातल्या अगदी पहिल्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते, आणि पनवेलकर ही गोष्ट अजूनही कुणाला विसरू देत नाहीत.

*

आता उद्योगांकडे येऊ. चौलला रेशमाचे माग होते, रंगीत लाखकामाच्या वस्तू होत्या. युरोपियन प्रवाशांनी त्यांची तारीफ लिहून ठेवली आहे. पनवेलला असं मिरवण्यासारखं काही नव्हतं. इथली मुख्य कारागिरी होती बैलगाडीची चाकं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बोरघाट हा चाकं खाणारा रस्ता होता. चढताना बैल दमतात, पण उतरताना चाक मरतं. भरल्या गाडीला आवरायला मागे ओंडका बांधून फरफटत आणायचा, चाक अडवून घासत न्यायचं, दगडी वळणावर सगळा भार एका बाजूला. घाट उतरून आलेल्या गाडीचे आरे खिळखिळे झालेले असत आणि गाडीवान पनवेलला दोन-तीन दिवस मालाची वाट पाहत थांबलेलाच असे. गिऱ्हाईक दारात, गरज तातडीची. घट्ट लाकूड जवळच्या कर्नाळा-माथेरानच्या रानात मिळत होतं आणि लोखंड मुंबईहून होडीने थेट धक्क्यावर येत होतं. चाकाला लागणारी प्रत्येक गोष्ट ज्या एका जागी आपोआप गोळा होत होती, ती जागा पनवेल होती. धंदा इथे कुणी ठरवून आणला असेल असं मला वाटत नाही.

चाक करणं म्हणजे सुतार आणि लोहार या दोघांचं एकत्र काम. मधला तुंबा बाभळीसारख्या चिवट, न फुटणाऱ्या लाकडाचा. त्यात चौकोनी भोकं पाडून आरे ठोकायचे. आऱ्यांच्या टोकांवर कमानीसारखे कापलेले पुठ्ठे बसवून गोल पुरा करायचा. इथपर्यंत सुताराचं. पण नुसतं लाकडी चाक कितीही घट्ट बसवलं तरी उन्हाळ्यात लाकूड सुकून ढिलं होणारच. त्याला आवळून धरते ती लोखंडी धाव. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान करतो. मग ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. लोखंड लाल झालं की फुगतं, घेर वाढतो. तेवढ्या घाईत चिमट्यांनी उचलून ती चाकावर चढवायची, घण मारून बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. थंड होताना धाव आकसते आणि सगळे सांधे कचकन आवळले जातात. घेराचा अंदाज अंगुळभर चुकला तर धाव एकतर चढत नाही किंवा चाकच वाकडं होतं. हा अंदाज वहीत लिहून ठेवलेला नसे, तो बापाकडून मुलाकडे हातातूनच जाई. रस्त्यावरची रहदारी कमी झाल्यावरही पनवेलच्या चाकांना मागणी राहिली, कारण तोवर त्यांचं नाव घाटावर झालं होतं.

*

दुसरा धंदा मिठाचा, आणि तो बंदरापेक्षा फार जुना. पनवेल, पेण, उरण या पट्ट्यातल्या आगरी समाजाचं नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून, आलं आहे. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या खाजणात मातीचे बांध घालायचे. गोडं पाणी साचलं तर भातशेती, खारं घेतलं तर मीठ. उधाणाच्या भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडून समुद्राचं पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथून ते उथळ, आणखी उथळ वाफ्यांत फिरवत न्यायचं. ऊन आणि वारा पाणी आटवतात, पाणी जड होत जातं. शेवटच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत, कडक केलेली असते, म्हणजे मीठ ओढताना चिखल मिसळत नाही. थोड्या दिवसांत खडे बसतात, मग ते लाकडी फळीने कडेला ओढून ढीग लावायचे. डिसेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत हे काम चालतं. अवेळी वळीव पडला की हंगामाची कमाई एका रात्रीत विरघळते.

इंग्रज सरकारला या पांढऱ्या ढिगांत वेगळंच दिसलं. मीठ प्रत्येक जण खातो, म्हणून मिठावरचा कर चुकवता येत नाही. आधीची जकात-नाकी मोडताना तूट भरून काढायला मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे बसवले गेले. १८४४मध्ये ते एकदम रुपयावर नेले तेव्हा सुरतेत दंगा झाला आणि सरकारला चार आणे मागे घ्यावे लागले. हे मागे घेणं तात्पुरतंच होतं. १८८८पर्यंत कर मणाला अडीच रुपयांवर गेला. कर इतका जड झाला की मिठाचा खरा खर्च, म्हणजे आगऱ्याची मजुरी, त्यापुढे किरकोळ वाटावी. एवढा कर वसूल करायचा तर मिठाच्या प्रत्येक ढिगावर पहारा हवा. मग मीठ खातं आलं, १८७३चा आणि १८९०चा कायदा आला, परवाने आले. विखुरलेली छोटी आगरं राखायला परवडत नाहीत म्हणून बंद झाली. उरलेल्या आगरांवर शिपाई बसले. बंदरावरचं मीठ आता आधी सरकारी वजनकाट्यावर चढत असे आणि मग बैलगाडीत. ज्यांनी बांध घातले त्यांच्या हाती मजुरी उरली.

मिठाचं जे झालं त्याचंच विनोदी म्हणावं असं रूप खाडीपलीकडे उरणला दिसतं. उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, बऱ्याचशा पारशी मालकांच्या, आणि मुंबईची तहान त्या भागवत. १८७८च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या मुठीत गेला. भट्ट्यांना लागणारी मोहाची फुलं गुजरातेत पंचमहालाकडून येत. इकडे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या अंगणात मोह फुलत होता, पण ती फुलं साठवायला १८९२च्या कायद्याने बंदी केली, कारण घरी गाळली तर सरकारी दारू कोण घेणार? झाडाखाली पडलेलं फूल उचलणं गुन्हा, आणि शेकडो मैलांवरून आणलेलं फूल उकळणं उद्योग. वसाहतीतला ‘उद्योग’ हा शब्द वाचताना मला हे फूल नेहमी आठवतं.

*

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तेव्हा पनवेलला काही झळ लागली नाही. १८५४मध्ये रूळ कल्याणला पोचले, १८५६मध्ये खोपोलीला. इथे पनवेलचा पाय घसरला. मुंबईत गाडीत बसून थेट घाटाच्या पायथ्याशी उतरता येत असेल तर भरतीची वाट कोण पाहील? १८५८मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा सुरू झाला. मधला घाट काही वर्षं लोक पालखीने, तट्टाने चढत राहिले. घाटातलं काम मात्र भयंकर होतं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल सोडून गेला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, दोन इंजिनीअरांना हाताशी धरून ठेका पुढे चालवला. पटकी-तापाने मेलेल्या मजुरांची संख्या हजारांत होती. एप्रिल १८६३मध्ये घाटाचा मार्ग पुरा झाला. त्या वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव होता. देशावरचा तो कापूस आता पनवेलच्या धक्क्यावर न थांबता डब्यातून गेला.

पनवेल त्यामुळे ओस पडलं नाही. दूरचा माल गेला, जवळचा राहिला: भात, मीठ, गवत, जळाऊ लाकूड, भाजी, मासळी. मुंबई फुगत होती आणि तिला हे सगळं रोज लागत होतं. पण मुंबई आणि पुण्यामधली जी मधली जागा पनवेलची होती, ती गेली. तरुणांनी ते ओळखलं असावं. शेजारच्या शिरढोणला १८४५मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके नोकरीसाठी आधी जीआयपी रेल्वेत शिरले आणि मग पुण्याला लष्करी हिशेबखात्यात. इंग्रजांविरुद्धचं त्यांचं बंड ही पुढची गोष्ट.

रेल्वेनंतरच्या पनवेलमध्ये जो उद्योग उभा राहिला तो मात्र वेगळ्या जातीचा होता. १८७२मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला आणि त्याला राजापूरजवळच्या धूतपापेश्वराचं नाव दिलं. वैद्याने आपल्या रोग्यापुरती पुडी बांधायची ही चाल मोडून आसवं, भस्मं, गुटिका एकाच मापाने मोठ्या प्रमाणावर करायच्या आणि अनोळखी माणसाला विकायच्या, ही कल्पना तेव्हा धाडसाचीच होती. सह्याद्रीतल्या वनस्पती हाताशी होत्या, मुंबईची बाजारपेठ एका भरतीच्या अंतरावर होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाक जड असतं आणि मीठ स्वस्त असतं, त्यामुळे दोघांना रस्त्याच्या कडेलाच राहावं लागतं. औषधाची बाटली लहान आणि महाग. ती टपालानेसुद्धा जाते. पनवेलचा घाट हातातून सुटल्यावर टिकलेला धंदा असाच असणार होता. श्री धूतपापेश्वर अजून चालू आहे.

१८८३मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला. हा कुलाबा १ जानेवारी १९८१पासून रायगड झाला. दिवा-पनवेल रेल्वे आली ती १९६०च्या दशकात, बोरघाटातली गाडी धावू लागल्यावर शंभर वर्षांनी. तोवर खाडीत गाळ भरत चालला होता, ट्रक आले होते, बैलगाडीला रबरी टायर लागले होते आणि धाव चढवणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते.

मग मुंबईलाच जागा कमी पडली. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणच्या भात-मिठाच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. पडीक खाजण म्हणून मोल लावायचं की पिढ्यान् पिढ्या बांध राखून केलेली जमीन म्हणून, हा वाद शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी रस्त्यावर आणला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्या आंदोलनातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व आलं. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदराचं उद्घाटन झालं, तेव्हा त्याच्या कंटेनरांना देशावर जाण्यासाठी रस्ता लागला. तो पनवेलवरून, खोपोलीवरून, बोरघाटातूनच गेला. आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून, टेकडी सपाट करून पनवेलच्या खाडीकाठी उभारलेल्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालं, तेव्हा दहा गावांची घरं-देवळं हलवून झाली होती आणि साडेबारा टक्क्यांच्या काही फायली अजून निकाली निघायच्या होत्या.